कळ कुणाच्या हातात? – नगरची निजामशाही आणि आजचं स्मार्ट होम

घर आपोआप चालावं ही हौस काही आपल्या पिढीची नाही, मंडळी. फरक एवढाच की आज ती टू बीएचके फ्लॅटवाल्यालाही परवडते आणि साडेचारशे वर्षांपूर्वी त्यासाठी सुलतान असावं लागायचं. आमच्या नगरात (ऑक्टोबर २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच) असा एक सुलतान होऊन गेला. मुर्तझा निजामशहा, राज्य १५६५ ते १५८८. उन्हाळ्यात गार राहणारं, दारात बारा महिने पाणी खेळवणारं घर त्याने बांधून घेतलं. ते घर अजून उभं आहे. पाणी मात्र गेलं.

सध्या सावेडीतल्या आमच्या घराचं ऑटोमेशन करायचं चाललंय. म्हणजे दिवे, पाण्याची मोटर, दाराचं लॉक, इन्व्हर्टर हे सगळं एका सिस्टीमवर आणायचं. त्याचा प्लॅन कागदावर मांडताना मी निजामशाहीवरचंही थोडं वाचन केलं. सुरुवातीला गंमत म्हणून, नंतर जरा गंभीरपणे. कारण आपण ज्या प्रश्नांना 'आर्किटेक्चर डिसिजन' वगैरे जड नावं देतो, त्यातले बरेचसे नगरमध्ये सोळाव्या शतकातच विचारून झालेत. उत्तरंही मिळालीत, आणि त्यातली काही फार महागात पडली.

व्हर्जन एक: नापसंत

मुर्तझाचं हे घर म्हणजे फराहबाग. शहराच्या आग्नेयेला, लष्करी हद्दीच्या बाजूला, एका मोठ्या तलावाच्या मधोमध बांधलेला महाल. मध्यभागी उंच घुमटाचा दिवाणखाना, भोवती कमानींची दालनं.

याचा इतिहास वाचताना कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला हसू फुटेल. चंगेजखान नावाच्या वजिराच्या काळात काम निघालं. तो वारल्यावर ते नियामतखानाकडे आलं आणि त्याने महाल पुरा केला. सुलतान बघायला आला. त्याला प्लॅन आवडला नाही. पाडा म्हणाला! मग ते काम सलाबतखान या दुसऱ्या सरदाराकडे गेलं आणि १५८३ मध्ये आज दिसतो तो महाल तयार झाला. क्लायंटने डिलिव्हरीच्या दिवशी रिक्वायरमेंट बदलायची परंपरा किती जुनी आहे बघा.

पण गंमत बाजूला ठेवली तर इथे एक मुद्दा आहे. घराचा प्लॅन ज्याला त्यात राहायचंय त्याला आधी दाखवावा लागतो. कागदावर नव्हे, वापरून. नियामतखानाच्या महालात नेमकं काय खटकलं हा वेगळा विषय, पण बांधणारा आणि राहणारा यांच्या डोक्यातलं घर वेगळं होतं हे उघड आहे.

सेन्सर नसलेलं ऑटोमेशन

आता हे घर चालायचं कसं ते बघू. नगर पर्जन्यछायेत येतं. उन्हाळा कडक, हवा कोरडी. कोरड्या हवेत पाण्याची वाफ पटापट होते आणि होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेते. आपला डेझर्ट कूलर याच तत्त्वावर चालतो.

थोडा हिशेब करू (इंजिनियरला राहवत नाही). एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. दीड टनाचा एसी तासाला १९ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता खोलीबाहेर फेकतो. म्हणजे तासाला आठ लिटर पाणी हवेत उडून गेलं की दीड टनाच्या एका एसीएवढं काम झालं. मे महिन्यात उघड्या तलावाची पातळी दिवसाला सात-आठ मिलिमीटर तरी उतरते. समजा तलाव हजार चौरस मीटरचा असेल, तर रोज सात-आठ हजार लिटर पाणी उडालं. ही सगळी गारवा दालनात येते असं नाही, बरीचशी वाऱ्यावर जाते. पण पाण्यावरून आलेली झुळूक, जाड भिंती आणि गरम हवा वर निघून जावी म्हणून ठेवलेला उंच घुमट, हे सगळं एकत्र धरलं तर दुपारी तिथे बसवत असेल हे पटतं.

शिवाय यात एकही सेन्सर नाही. तलावाची पातळी राखायला काय लागतं? एका बाजूने सतत थोडं थोडं पाणी आत आणि ठरलेल्या उंचीवर बाहेर जायला एक मोरी. पाणी वाढलं की आपोआप बाहेर पडतं. बॅटरी संपत नाही, फर्मवेअर अपडेट नाही. हे तत्त्वही फार जुनं. बगदादच्या बनू मूसा बंधूंनी नवव्या शतकात आपोआप चालणाऱ्या यंत्रांवर ग्रंथ लिहिला, त्यात पाण्याच्या पातळीवर उघडझाप होणाऱ्या झडपा आहेत. आपल्या गच्चीवरच्या टाकीतला बॉल कॉक त्याच घराण्यातला.

पण मोरी काम करणार कधी? आत पाणी येत असेल तर. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

बॅकएंड: खापरी नळ

खरी करामत महालात नाहीच, ती जमिनीखाली आहे. निजामशाहीत नगर शहराला आणि आसपासच्या बागांना पाणी आणण्यासाठी बाहेरच्या उंच भागातून नळ टाकले गेले. कापूरवाडी, वडगाव, शेंडी या बाजूंच्या विहिरी आणि झरे हे त्यांचे उगम. पाणी भुयारी पाटातून आणि भाजलेल्या मातीच्या, चुन्याने सांधलेल्या नळांतून शहरात यायचं. म्हणून खापरी नळ. आमच्या घराजवळचा भिस्तबाग महाल, म्हणजे मूळची हश्त बिहिश्त बाग, याच पाण्यावर उभी होती. अष्टकोनी हौद, त्याच्या मधोमध महाल आणि शेजारी हमामखाना. आज आजूबाजूला अपार्टमेंट, क्लासेस आणि वडापावच्या गाड्या आहेत. सावेडीतल्या एका रस्त्याचं नाव पाइपलाइन रोड आहे, हा निव्वळ योगायोग :)

हे नळ पूर्ण उतारावर चालायचे. पंप नाही, मोट नाही. उगम उंचावर, शहर खाली, बस्स. अडचण दोनच. एक, नळात हवा अडकली की पाणी पुढे सरकत नाही. दोन, दाब वाढला की मातीचा नळ फुटतो. त्यावर उपाय म्हणून अशा नळांच्या वाटेवर ठरावीक अंतरावर उघडे मनोरे बांधायचे. पाणी त्यात वर चढतं, हवा निघून जाते, दाब मोकळा होतो, गाळ तळाशी बसतो आणि पाणी पुढे जातं. पुण्यात पेशव्यांनी आणलेल्या कात्रजच्या नळावर अशीच उच्छ्वासं आहेत. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जी नहर आणली तिच्यावरच्या मनोऱ्यांना तिथले लोक बंबे म्हणतात. मलिक अंबर निजामशाहीचाच वजीर, त्यामुळे हे ज्ञान कुठून कुठे गेलं याचा अंदाज बांधायला फार हुशारी लागत नाही.

मला या मनोऱ्यांचं कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. नळ कुठे तुंबलाय हे मनोऱ्यात डोकावून कळतं. या मनोऱ्यात पाणी आहे आणि पुढच्यात नाही, म्हणजे बिघाड दोघांच्या मधे. खणायचं तेवढंच. आपल्या भाषेत लॉगिंग! आणि हा लॉग वाचायला इंजिनियर लागत नाही, डोळे असलेला कुणीही माणूस चालतो. म्हणूनच राज्य गेल्यावरही यातले काही नळ मेले नाहीत. १६०० मध्ये किल्ला मोगलांकडे गेला, १६३६ मध्ये निजामशाही संपली, पुढे पेशवे आले, इंग्रज आले. इंग्रजांच्या काळातही यातले काही नळ दुरुस्त करून शहराला पाणी देत होते. बांधणारा गेला, त्याला ओळखणारे गेले, तरी सिस्टीम दुरुस्त करता येत होती.

उलट फराहबागेच्या तलावाचं बघा. नळ गावाच्या गरजेचा होता, तलाव एका माणसाच्या हौसेचा. तो माणूस गेला, दरबार गेला, मग तलावात पाणी सोडायची काळजी कोण करणार?

भातोडी: दुसऱ्याच्या हातात गेलेली कळ

ज्या सलाबतखानाने फराहबाग पुरी केली, त्याच्याच नावावर नगरपासून जवळच भातोडीचा तलाव सांगितला जातो. हेतू साधा, शेतीला पाणी. पुढे १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा मिळून निजामशाहीवर चालून आल्या, तेव्हा मलिक अंबरने तलावाचं पाणी शत्रूच्या छावणीकडे सोडून दिलं. सगळीकडे चिखल. तोफा, घोडे, रसद, सगळं रुतलं. मग त्याने हल्ला केला आणि मोठी लढाई जिंकली. शहाजीराजे त्या लढाईत निजामशाहीकडून होते, त्यांचे बंधू शरीफजी तिथेच कामी आले.

इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट पराक्रम म्हणून येते आणि ती आहेच. पण बांधणीच्या बाजूने बघितलं तर दुसरं काही दिसतं. तलाव बांधणाऱ्याने ज्याची कल्पनाही केली नव्हती असा त्याचा वापर झाला. पाणी अडवायची सोय म्हणजे पाणी सोडायचीही सोय. ज्या कळीने घर चालू होतं तिनेच ते बंदही होतं. प्रश्न फक्त, कळीवर हात कुणाचा?

हमामखान्याचं दार

आता या गोष्टीतला सगळ्यात काळोखा भाग. मुर्तझाला नंतर लोकांत मिसळणं नकोसं झालं. वर्षानुवर्षं तो आत बसून राहिला आणि कारभार वजिरांवर सोडला. त्याला दिवाणा म्हणायचे. मुलगा मीरान हुसेन आपल्याला मारेल असा संशय त्याच्या डोक्यात बसला. एकदा त्याने मुलाच्या बिछान्याला आग लावली आणि दार बाहेरून बंद करून घेतलं. मुलगा कुणाच्या तरी मदतीने वाचला आणि दौलताबादेला पोचला.

१५८८ मध्ये मुलगा परत आला, तो सत्ता घ्यायलाच. त्याने बापाला हमामखान्यात घातलं, दारं-खिडक्या घट्ट लावल्या आणि खालची भट्टी पेटवली. वाफ आणि उष्णता यांनी गुदमरून मुर्तझा मेला. हे लिहून ठेवणारा फरिश्ता तेव्हा नगरच्या दरबारातच पहाऱ्यावरचा अधिकारी होता. ऐकीव काही नाही.

हमाम म्हणजे त्या काळची सगळ्यात प्रगत खोली. जमिनीखाली भट्टी, भिंतीत गरम पाण्याची वाट, हवा कोंडून ठेवायची सोय. सगळं सुखासाठी. यंत्रणेत काहीही बिघडलं नव्हतं, ती अगदी ठरल्याप्रमाणे चालली. फक्त आत एक माणूस होता आणि चालवणारा बाहेर. आणि चालवणारा त्याचा स्वतःचा मुलगा होता.

हे वाचून मी लॅपटॉप मिटवला आणि चहा करायला उठलो. कारण माझ्या प्लॅनमध्ये पहिल्याच पानावर लिहिलं होतं: अॅडमिन – मी.

सर्व्हर बंद झाला की घर बंद

थांबा, मी कुणाला कोंडणार नाहीये :) पण प्रश्न तोच आहे. घराची यंत्रणा घरात राहणाऱ्याच्या हातात आहे की बाहेरच्या?

या धंद्याचा अलीकडचा इतिहास बघा. स्कॉटलंडमधल्या एका कंपनीने १९७५ मध्ये एक्स-टेन नावाची पद्धत आणली. घरातल्या विजेच्या वायरमधूनच सिग्नल पाठवायचा आणि दिवे चालू-बंद करायचे. बाहेरच्या कुणाची गरज नाही. पुढे इंटरनेट आलं आणि कंपन्यांनी मेंदू घरातून उचलून आपल्या सर्व्हरवर नेला. रिव्हॉल्व्ह नावाचा तीनशे डॉलरचा हब होता. ती कंपनी गुगलच्या नेस्टने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये सेवाच बंद केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेला हब एका दिवसात बिनकामाचा डबा झाला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या जुन्या कंपनीचे सर्व्हर अचानक बंद पडले. लोकांच्या मोबाईलवरून दिवे लागेनात. पुढे ग्राहकांतल्याच काही जणांनी ती कंपनी विकत घेऊन चालू केली. म्हणजे नळ बंद पडल्यावर गावानेच तो दुरुस्त करून घेतला म्हणा ना.

याच अनुभवांतून दुसरी बाजूही उभी राहिली. होम असिस्टंट हे मोफत सॉफ्टवेअर २०१३ पासून आहे, ते घरातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर चालतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मॅटर नावाचं सामाईक मानक आलं, त्यातही उपकरणांनी घरातल्या घरात एकमेकांशी बोलायचं असतं. चाक फिरून पुन्हा घराकडे येतंय.

तर आमच्या घराचा प्लॅन

मी पुण्यात, हिंजवडीला. आई-बाबा नगरला. पाणी येतं ते अवेळी, खालच्या टाकीत पडतं, मग मोटर लावून गच्चीवर चढवायचं. आईचे गुडघे दुखतात, बाबांना रात्री उठवत नाही. म्हणून हा सगळा खटाटोप. शौक म्हणून असता तर काहीही चाललं असतं.

प्लॅन सांगितला तेव्हा आईने एकच विचारलं, "नेट गेलं तर दिवा लागेल का रे?" आणि बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "म्हणजे तू तिकडे बसून आमचे दिवे घालवणार होय?" मला वाटतं चारशे पानांच्या पुस्तकाचं सार दोघांनी दोन वाक्यांत सांगितलं.

तेव्हा आता प्लॅन असा आहे.

१. प्रत्येक दिव्याचं नेहमीचं बटण भिंतीवर राहणार आणि चालणार. रिले त्याच्या मागे बसेल. मोबाईल नसला, नेट नसलं, मी नसलो तरी बटण दाबलं की दिवा.

२. टाकी भरली की मोटर बंद करायला साधा फ्लोट स्विच, थेट मोटरच्या स्टार्टरला जोडलेला. सॉफ्टवेअर त्याच्यावर नुसतं लक्ष ठेवेल. फराहबागेची मोरी ती हीच.

३. पुढच्या दाराला स्मार्ट लॉक, पण आतून नुसती मूठ फिरवून उघडणारं आणि बाहेरून किल्लीनेही उघडणारं. हमामखान्यानंतर या मुद्द्यावर चर्चा नाही.

४. मेंदू घरातच, टीव्हीखालच्या एका छोट्या कॉम्प्युटरवर, इन्व्हर्टरच्या लाइनवर.

५. अॅडमिन आई आणि बाबा. मला बघायची परवानगी त्यांनी दिली तर, आणि पाहिजे तेव्हा काढून घेता यावी अशी. घरात आतून कॅमेरा नाही.

६. सगळ्या वायरिंगचं चित्र मराठीत, मोठ्या अक्षरात, लॅमिनेट करून डीबीच्या दाराला आतून चिकटवणार. कुठला रिले कुठल्या दिव्याचा, कुठली वायर काढली की सगळं साधं होतं, ते त्यावर असेल. आमच्या वायरमन काकांना माझ्याशिवाय ते उलगडता आलं पाहिजे. हे आमचे मनोरे.

वायरमन काकांना हा कागद फोनवर पाठवला होता. त्यांचं म्हणणं, सहावा मुद्दा सगळ्यात आधी करू, बाकीचं मग बघू. आतापर्यंत झालेल्या रिव्ह्यूंमध्ये हा मला सगळ्यात चांगला वाटला. शनिवारी ते येतायत, मी पेन आणि मोठा कागद घेऊन जातोय.